दफ्तर कोणाच्या हाती?

जुलै २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी राज्यसभेत सांगितले की, वाहनांच्या नोंदींचा ‘वाहन’ आणि चालक परवान्यांचा ‘सारथी’ या दोन डेटाबेसमधली माहिती ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना उपलब्ध करून दिली असून त्यातून सरकारला ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. कुठल्या हॅकरने हात मारला नव्हता की कुठल्या कारकुनाने पेन ड्राइव्हवर काही पळवले नव्हते. मंत्रालयाने त्याच वर्षी मार्चमध्ये रीतसर धोरण काढून दर ठरवून दिला होता : व्यावसायिक संस्थेला २०१९-२० या वर्षासाठी तीन कोटी रुपये, शैक्षणिक संस्थेला पाच लाख. एमएच-०९ ची पाटी मिरवणाऱ्या कोल्हापूरकराने आरटीओत नाव-गाव लिहून दिले ते गाडी रस्त्यावर आणायची तर कायद्याने भाग होते म्हणून. त्या नोंदीला पुढे गिऱ्हाईक लागणार आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ही माहिती इतर ठिकाणच्या माहितीशी ताडून पाहिली तर माणसाची ओळख पटू शकते, हे धोरणातच कबूल केलेले होते. अखेर जून २०२० मध्ये गैरवापराचा आणि खासगीपणाचा प्रश्न मान्य करून मंत्रालयाने ते धोरण मागे घेतले. धोरण मागे घेता येते. एकदा निघालेली माहितीची प्रत मागे घेणे जवळजवळ अशक्य असते.

खासगी माहितीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा चोरीची होते. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड बदला. सल्ले बरोबर आहेत, पण त्यांनी सगळा भार ज्याची माहिती गेली त्याच्याच डोक्यावर टाकला जातो, आणि चोरीपेक्षा कितीतरी मोठा असलेला उघड व्यापार नजरेआड राहतो. हा व्यापार करणारे म्हणजे डेटा ब्रोकर, माहितीचे दलाल. आपला त्यांच्याशी कसलाही व्यवहार झालेला नसतो. ते दहा ठिकाणांहून आपल्या नोंदी गोळा करतात, जुळवतात, वर्गवारी लावतात आणि जाहिरातदार, कर्ज देणारे, विमा विकणारे, निवडणूक लढवणारे, प्रसंगी ठग, अशा कोणालाही विकतात. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा माल ज्याचा तो शेतकरी तिथे हजर राहू शकतो, अडत्याकडे बाजार समितीचा परवाना असतो, आणि दर पटला नाही तर तक्रार कुठे करायची हे ठाऊक असते. माहितीच्या सौद्यात यातले काहीच नाही. माल आपला, पण सौदा कुठे झाला, किती वेळा झाला, अडत्या कोण, याचा पत्ता लागत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की खासगीपणाचा खरा प्रश्न माहिती ‘बाहेर गेली’ हा नसून ती कोणाच्या दफ्तरात आहे हे आपल्याला विचारता येत नाही, हा आहे. आणि कायद्याचा जोर तिथे लागला पाहिजे.

माहिती बाहेर जाते ती किती साध्या वाटांनी, हे कोल्हापूरसारख्या शहरात सहज दिसते. राजारामपुरीतल्या क्लासची चौकशी करायला गेलेले पालक वहीत मुलाचे नाव, इयत्ता, दहावीचे गुण आणि मोबाइल नंबर लिहून येतात. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू लॉजवर आधारचा झेरॉक्स देतात. मॉलमधल्या लकी ड्रॉची चिठ्ठी, शोरूममधला टेस्ट राइडचा फॉर्म, पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट, पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपने मागितलेली संपर्क यादीची परवानगी, प्रत्येक ठिकाणी देण्याला काही तरी कारण असते आणि कारण संपल्यावर कागद कुठे जातो हे कोणी विचारत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरून घ्यायला राज्यभर राजकीय कार्यकर्त्यांनी शिबिरे भरवली. बायकांची सोय झाली हे खरे, पण आधार, बँक खाते आणि मोबाइल नंबर असलेले ते कागद किती हातांतून गेले, याची नोंद कोण ठेवणार? आधारच्या झेरॉक्सबद्दल तर आधार देणाऱ्या प्राधिकरणालाही एक भूमिका घेता आली नाही : मे २०२२ मध्ये बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने ‘झेरॉक्स सरसकट देऊ नका’ असा इशारा दिला आणि दोनच दिवसांत गैरसमज नको म्हणून तो मागे घेतला गेला. लोकांनी मग नेहमीप्रमाणे झेरॉक्स देणे चालू ठेवले.

या सुट्या नोंदींचा बाजारभाव किती असतो, हे मार्च २०२३ मध्ये हैदराबादजवळच्या सायबराबाद पोलिसांनी उघड केले. त्यांनी पकडलेल्या टोळीकडे १६.८ कोटी लोकांची माहिती होती. त्यात ‘नीट’ला बसलेले विद्यार्थी होते, डीमॅट खातेदार होते, सरकारी नोकर होते, आणि संरक्षण दलांतल्या सुमारे अडीच लाख माणसांची माहितीही होती. पन्नास हजार जणांची यादी अवघ्या दोन हजार रुपयांना मिळत होती, म्हणजे माणशी चार पैसे. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच पोलिसांनी दुसऱ्या एका प्रकरणात २४ राज्ये आणि ८ महानगरांतल्या ६६.९ कोटी लोकांच्या नोंदी सापडल्याचे जाहीर केले. शंभरावर गट पाडून ठेवलेला तो माल होता. एका माणसाचे नाव दोनदा-तीनदा आले असेल असे धरले, तरी आकडा चिंतेचाच राहतो. महाराष्ट्रातली उदाहरणे आकाराने लहान असली तरी जास्त बोलकी आहेत. ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये मोबाइलच्या कॉल तपशिलांचा धंदा उघडकीस आणला. कोण कोणाला केव्हा फोन करतो याच्या नोंदी खासगी गुप्तहेरांमार्फत विकल्या जात होत्या. पुण्यात मार्च २०२१ मध्ये बँकांमधल्या बऱ्याच काळ न वापरलेल्या खात्यांची माहिती विकत घेऊ पाहणारे पकडले गेले, आणि त्या खात्यांमध्ये मिळून २१६ कोटींहून अधिक रक्कम होती. कोणते खाते निष्क्रिय आहे, म्हणजे त्याचा मालक कदाचित म्हातारा, परगावी किंवा मृत आहे, हे कळणे चोराच्या दृष्टीने तिजोरीच्या किल्लीइतकेच मोलाचे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली म्हाताऱ्या माणसांना लुबाडणारे पहिल्या वाक्यातच नाव, पत्ता, बँक सांगतात म्हणून समोरचा घाबरतो. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीच्या पायऱ्या सांगितल्या, तेव्हा पहिली पायरी हीच सांगितली : तुमची सगळी माहिती आधी गोळा केली जाते.

मात्र बेकायदा टोळ्यांवरच बोट ठेवून थांबणे सोयीचे आहे. अमेरिकेत हा धंदा उजळ माथ्याने चालतो, आणि तिथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०१४ मध्ये नऊ डेटा ब्रोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका कंपनीकडे देशातल्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाबद्दल तीन-तीन हजार प्रकारचे तपशील होते. गटांची नावे बघा : लवकरच आई-बाप होणारे, मधुमेहात रस असलेले, कोलेस्टेरॉलची काळजी करणारे. कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसाठी वेगळी चटपटीत नावे होती. यातली बरीचशी माहिती लोकांनी कुणाला सांगितलेलीच नव्हती. खरेदीवरून, वाचनावरून, पत्त्यावरून ती अनुमानाने काढलेली होती. नोंदी जुळवल्या की जी नवी नोंद तयार होते ती मूळच्या नोंदींपेक्षा जास्त बोलते. आपल्याकडचाच विचार करा. सातबारा ऑनलाइन कोणालाही दिसतो, आणि तो दिसावाच. जमिनीचे व्यवहार उघड असण्यात फायदा आहे. मतदार यादी उघड असते, तीही असावी. पण करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावाचे सातबारे, मतदार यादी, मोबाइल नंबर आणि कर्जाचा तपशील एका तक्त्यात आले की कोणाची जमीन विकत घ्यायला हीच वेळ बरी, हे बाहेरच्या माणसाला त्या शेतकऱ्याच्या बायकोच्या आधी कळते. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. त्यामागचा हेतू वाईट नाही. पण जमीन, पीक आणि आधार एका धाग्यात ओवले गेले आहेत, आणि तो धागा कोणाच्या हाती लागू शकतो हे विचारणे शेतकऱ्याचा हक्क आहे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो : लपवण्यासारखे काही नाही त्याने कशाला घाबरायचे? आणि त्याहून वजनदार, आपल्या मातीतला आक्षेप असा, की खासगीपणा हे शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचे खूळ आहे. पेठेत कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचे लग्न मोडले, हे संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर पोचतेच, मग संगणकाला कळले तर काय बिघडले? आक्षेपात तथ्य आहे. गल्लीतले डोळे काही कमी छळत नाहीत, विशेषतः बायकांना आणि आंतरजातीय लग्न करू पाहणाऱ्या पोरापोरींना. पण गल्लीतल्या माहितीला तीन आडकाठ्या असतात. जो आपल्याबद्दल जाणतो त्याच्याबद्दल आपणही जाणतो. तो खोटे बोलला तर तोंडावर जाब विचारता येतो. आणि चार वर्षांनी लोक विसरतात. दलालाच्या यादीत यातली एकही नाही. लपवण्याचा प्रश्न तर बाजूलाच राहिला. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९९९ साली एका तरुणाने माहिती विकणाऱ्या कंपनीकडून एका मुलीच्या नोकरीचा पत्ता विकत घेतला आणि तिथे जाऊन तिचा खून केला. नोकरीचा पत्ता काही गुपित नव्हते. २००३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, अशी माहिती विकणाऱ्यावर काळजी घेण्याची जबाबदारी येते.

नोंदी आणि सत्ता यांचे नाते कोल्हापूरला परक्याकडून शिकायची गरज नाही. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी दोन निर्णय घेतले, त्यांचा एकत्र विचार सहसा होत नाही. एक, कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमण्याचा. गावाचे दफ्तर, म्हणजे कोणाची किती जमीन, किती सारा, किती बाकी, हे एका घराण्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होते. रयतेला वाचता येत नव्हते, म्हणून दफ्तरात जे लिहिले ते खरे. दुसरा, महार, मांग, रामोशी, बेरड या समाजांवरची हजेरीची सक्ती बंद करण्याचा. काही गुन्हा केलेला नसताना, केवळ अमुक जातीत जन्मला म्हणून माणसाने हजेरी लावायची आणि यादीत आपण आहोत हे रोज सिद्ध करायचे, अशी ती पद्धत. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार जमातींची यादीच करून ठेवली होती. पहिल्या निर्णयाने दफ्तर ठेवणाऱ्याला उत्तरदायी केले. दुसऱ्याने यादीवरून माणसाची पारख करणे थांबवले. महाराजांनी नोंदी जाळल्या नाहीत. तलाठी आला, दफ्तर राहिले, पण ते कोणाच्या वतनाची मिळकत उरले नाही. आजच्या दलालाकडे जे आहे ते जवळजवळ वतनच आहे : न विचारता लिहिलेले, न दाखवता विकलेले, चुकले तरी न बदलणारे.

देशाच्या कायद्याने या बाबतीत काय केले? न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये कायद्याचा मसुदा दिला, २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडले, आणि त्या नियमांप्रमाणे मुख्य बंधने लागू व्हायला आणखी अठरा महिने, म्हणजे मे २०२७. दंड मोठा आहे, अडीचशे कोटींपर्यंत. पण तो सरकारी तिजोरीत जमा होणार, ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई नाही; उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे ४३-अ कलमच वगळण्याची तरतूद यात केलेली आहे. खरी गोम मात्र कलम ११ आणि १२ मध्ये आहे. तुमची कोणती माहिती आहे, ती कोणाकोणाला दिली, हे विचारण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क ही कलमे देतात, पण ज्याला तुम्ही पूर्वी संमती दिली त्याच्याविरुद्ध. दलालाला आपण संमती दिलेलीच नसते. संमतीशिवाय माहिती वापरणे बेकायदा आहे, हे ठीक. पण ज्याचे नावही ठाऊक नाही त्याच्याविरुद्ध तक्रार कोणी आणि कशी करायची? शिवाय कायद्याने उघड केलेल्या नोंदींना हा कायदा लागू नाही, म्हणजे दलालाचा निम्मा कच्चा माल आधीच मोकळा.

यावर उद्योगवाले म्हणतात की माहितीच्या व्यापाराला लगाम घालणे शक्यच नाही, आणि घातलाच तर छोट्या व्यावसायिकाचे गिऱ्हाईक तुटेल. पहिल्या भागाचे उत्तर आपल्या खिशात आहे. ते म्हणजे सिबिल. कर्जाला गेलेल्या माणसाला हे नाव गोड वाटत नाही, आणि पीककर्जाला सिबिलची अट लावू नका असे राज्य सरकारला बँकांना वारंवार बजावावे लागले आहे. तरीही सिबिल आणि तिच्यासारख्या इतर तीन कंपन्या काय आहेत? लोकांची माहिती गोळा करून बँकांना विकणाऱ्या संस्थाच. फरक असा की २००५ च्या कायद्याने त्यांना परवाना घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. चूक दाखवल्यावर तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर एप्रिल २०२४ पासून दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, आणि आपला अहवाल कोणी पाहिला तर आपल्याला कळवावे लागते. माहितीचा दलाल नावाने ओळखता येतो, त्याचे दफ्तर उघडून बघता येते, चुकीबद्दल पैसे मोजायला लावता येतात, हे सगळे या देशात चालू आहे. जे कर्जाच्या नोंदींना जमते ते मुलांच्या गुणांना, आजारपणाला आणि मोबाइल नंबरला का जमू नये, याचे पटणारे कारण अजून कोणी दिलेले नाही. दुसऱ्या भागाबद्दल इतकेच, की गुजरीतल्या सराफाने आपल्या गिऱ्हाइकांची वही ठेवण्याला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती अनोळख्यांच्या यादीला. नको असलेले फोन अडवण्यासाठी २००७ पासून ‘डू नॉट कॉल’ नोंदणी आहे, १९०९ क्रमांक आहे, त्यावर नियमांचे थरावर थर चढले. तरी फोन वाजतच राहिले, कारण रोखायचा प्रयत्न फोनच्या टोकाला झाला आणि यादी मागे तशीच खपत राहिली.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो, आणि तो खासगीपणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी टाळू नये. खासगीपणाच्या नावाखाली अधिकारी आपल्या फायली झाकतील, हा तो आक्षेप. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये, केंद्राच्या तीन वर्षे आधी, माहिती अधिकाराचा कायदा झाला, म्हणून इथल्या कार्यकर्त्यांना हे जास्त बोचते. नव्या डेटा संरक्षण कायद्याने केंद्राच्या माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहितीही सार्वजनिक हिताची असेल तर त्याच कलमाखाली मिळत होती. आता ‘वैयक्तिक’ एवढे म्हणणे नकाराला पुरते. सार्वजनिक हिताचे वेगळे कलम शिल्लक आहे, पण सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर सरकला. म्हणजे ज्या दफ्तरावर जनतेचा हक्क ते झाकले गेले, आणि ज्या दफ्तरांनी जनतेला उघडे पाडले ती बिननावाची राहिली. हा दोष खासगीपणाच्या कल्पनेचा नाही, तिची दिशा उलटी लावणाऱ्या मसुद्याचा आहे, आणि कोल्हापूरकरांना आता त्यावर दाद मागायला मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच शहरातच बसते.

अमेरिकेतल्या व्हरमाँटने २०१८ मध्ये डेटा ब्रोकरांना सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकले : १ जानेवारी २०२६ पासून तिथला रहिवासी एकाच अर्जाने नोंदणी झालेल्या सगळ्या दलालांकडे आपली माहिती पुसण्याची मागणी करू शकतो. आपल्याकडे अशी नोंदवही करायला संसदेलाच कायद्यात भर घालावी लागेल. तोवर कलम ११ लागू झाले की महाराष्ट्राला एक सवय कामी येईल. माहिती अधिकाराचे अर्ज नेमके कसे लिहायचे, अर्धवट उत्तराला अपील कसे करायचे, हे इथल्या खेड्यापाड्यांतली माणसे शिकलेली आहेत. तोच अर्ज बँकेला, विमा कंपनीला, गाडीच्या शोरूमला, मुलाच्या क्लासला करता येईल : माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती आजवर कोणाकोणाला दिली, त्यांची नावे द्या. आलेल्या नावांवरून साखळी एक-दोन कड्या पुढे सरकेल, आणि मग असे नाव येईल ज्याला आपण कधीच संमती दिली नव्हती. तिथे कलम ११ संपते. त्या नावापाशी साचलेल्या अर्जांचा ढीग, नोंदवही का हवी हे संसदेला सांगायला कुठल्याही समितीच्या अहवालापेक्षा जास्त उपयोगी पडेल.